सदतीस किलो हवा

पहाटे ५.१०

जाग आली की आधी फोन बघते. त्यावर रात्रभराच्या दोन रेघा असतात, एक खोलीच्या तापमानाची आणि एक आर्द्रतेची. तापमानाची रेघ २२ आणि २४ च्या मधे करवतीच्या दातांसारखी वरखाली झालेली दिसली की समजायचं, कॉम्प्रेसर वेळच्या वेळी चालू-बंद होतोय. आज दात सारखे आहेत. आर्द्रतेची रेघ मात्र काल संध्याकाळी सातपासून चढत चालली आहे. ५१ टक्के होती, आता ६३.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून विचारतात. चौदा वर्षांत त्यांनाही सवय झाली आहे.

"तापमान ठीक आहे, पण खोलीत ओल शिरतेय."

"पापडाच्या डब्याचं झाकण सैल राहिलं असेल कुठेतरी," त्या म्हणतात आणि आलं किसायला घेतात.

जुलैचा तिसरा आठवडा. बोरिवलीत रात्रभर पाऊस थांबलेला नाही.

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, दीडशे खाटांचं एक रुग्णालय आहे. तिथले एक्सरे, सीटी, सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, औषधांची बिलं हे सगळं तिसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत २८ हार्ड डिस्कवर साठवलेलं असतं. त्या २८ डिस्क गार आणि कोरड्या ठेवणं हे माझं काम. नेमणुकीच्या पत्रात पदाचं नाव मोठं आहे, पण दिवसाचा बराचसा वेळ जातो तो हवेच्या मागे.

सकाळी ६.४०

मागाठाण्याहून मेट्रो, गुंदवलीला उतरायचं, पूल ओलांडून घाटकोपरकडे जाणारी गाडी धरायची आणि मरोळ नाक्याला बाहेर पडायचं. स्टेशनातून बाहेर आले आणि चष्म्यावर वाफ धरली. पुसला, पुन्हा धरली.

माझ्या कामातलं अर्धं शास्त्र या चष्म्यात आहे. गाडीतल्या गारव्यात काचा २३-२४ अंशांवर आलेल्या असतात. जुलैतल्या मुंबईच्या हवेत पाणी इतकं असतं, की २५ अंशांहून गार अशी कुठलीही वस्तू तिच्यात आली की तिच्यावर दव साठतं. माझी खोली २३ अंशांची. बाहेरची हवा आत आली, तर ती माझ्या रॅकच्या पत्र्याशी तेच करेल जे आत्ता चष्म्याशी करते आहे. डिस्क म्हटली की लोकांना फक्त उष्णता आठवते. मे महिन्यात नागपूरला बसून हे काम केलं असतं तर कदाचित मलाही तेवढंच आठवलं असतं.

सकाळी ७.३५

दार उघडताना आधी कान, मग हात. पंख्यांचा आवाज नेहमीच्या पट्टीत आहे. रॅकसमोर तळहाताची मागची बाजू धरते, गार वारा आत ओढला जातोय. मागे जाऊन धरते, कढत वारा बाहेर पडतोय. समोरून गार आत, मागून गरम बाहेर, आणि मागचा वारा वळसा घालून पुन्हा पुढे येता कामा नये. या खोलीचा एवढाच नियम. रॅकमधल्या रिकाम्या खणांवर मी पत्र्याच्या झाकणपट्ट्या लावल्या आहेत त्या यासाठीच. पहिल्या वर्षी त्या नव्हत्या, तेव्हा एसी कितीही कमी अंशांवर ठेवला तरी वरच्या खणातल्या डिस्क ४६-४७ वर असायच्या. स्वतःचाच गरम श्वास त्या परत घेत होत्या. बाजारातून पट्ट्या आणून बसवल्या आणि एका दुपारभरात तापमान ६ अंशांनी उतरलं. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय मी या धंद्यात दुसरा पाहिलेला नाही.

आता ओल. भिंतीवरचा मापक ६३ दाखवतोय. दाराखालचा ब्रश जागेवर आहे. छताजवळ बघते तर केबल जाण्याच्या भोकात नवी पांढरी वायर दिसते आणि भोक उघडं. काल संध्याकाळी कॅमेऱ्याच्या कामाला माणसं आली होती, त्यांनी जुनी लांबी खरवडून वायर ओढली आणि तसेच निघून गेले. भोक जेमतेम तीन बोटांचं, पण पलीकडे जिना आहे आणि जिन्याच्या खिडकीतून सगळा पावसाळा. स्टूल घेऊन चढते आणि आगरोधक लांबीचा गोळा घट्ट दाबून बसवते. पापडाच्या डब्याचं झाकण लागलं.

ओलीसोबत इथे आणखी एक गोष्ट येते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी याच भागातून वाहते, आणि तिच्यात सांडपाणी किती मिसळतं हे नाकाला कळतं. त्या वासातला गंधकाचा वायू देवघरातल्या चांदीच्या निरांजनाला काळं करतो, तसाच सर्किटच्या पट्टीवरच्या तांब्या-चांदीलाही काळं करतो, आणि ओल असली की हे फार लवकर होतं. काढून टाकलेल्या एका डिस्कची पट्टी मी मुद्दाम जपून ठेवली आहे. नव्या मुलांना दाखवते. चकत्या आतून आरशासारख्या लखलखीत आणि खालच्या पट्टीवरचे टाके काळवंडलेले.

सकाळी ८.३०

वही. आकडे संगणकातही जमा होतात, तरी मी हाताने लिहिते, कारण लिहिताना आकड्याकडे बघावं लागतं.

प्रत्येक डिस्क स्वतःबद्दल सांगत असते. तिच्या स्वनोंदीतला १९४ क्रमांकाचा आकडा म्हणजे तिचं तापमान, ५ क्रमांकाचा म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, १९७ चा म्हणजे वाचता न आल्याने अडकून पडलेल्या जागा. आज बहुतेक डिस्क ३४ ते ३८ अंशांत आहेत. मधल्या रांगेतल्या नेहमीप्रमाणे दोन अंशांनी गरम, दोन्हीकडे शेजारी असल्यामुळे.

आत काय चाललंय ते डोळ्यांपुढे आणलं तर हे आकडे कोरडे वाटत नाहीत. चकत्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. वाचणारं डोकं चकतीला न टेकता तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, त्या मानाने हे अंतर म्हणजे नसल्यातच जमा. फिरणाऱ्या दांड्याला वंगण लागतं, डोक्याला दिशा देणारी मोटर तापते, सगळा धातू उष्णतेने कणभर प्रसरण पावतो. एक डिस्क साधारण ७ ते १० वॉट वीज खाते आणि ती सगळी शेवटी उष्णता होते. बनवणारे ६० अंशांपर्यंत चालेल असं कागदावर लिहितात. साठच्या जवळ मी माझी एकही डिस्क कधी जाऊ दिलेली नाही.

मग किती गार ठेवायची? या प्रश्नाचं उत्तर लोक समजतात तितकं सरळ नाही. गुगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो या तिघांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं, की साधारण तापमानाच्या पट्ट्यात जास्त गरम डिस्क जास्त मरतात असं नाही. उलट फार गार ठेवलेल्या डिस्कच अधिक गेल्या होत्या. फक्त खूप वरच्या तापमानाला, आणि तीन वर्षांहून जुन्या डिस्कमध्ये, उष्णतेचा फटका ठळक होता. मी तो निबंध वाचला तेव्हा आमचा एसी १८ वर असायचा. दुसऱ्या दिवशी २३ वर आणला. वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था अ‍ॅशरे हीसुद्धा सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची हवा पुरेशी मानते.

मुंबईसाठी त्याहून मोलाचा अभ्यास २०१६ चा. रटगर्स विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ९ डेटा सेंटरमधल्या दहा लाखांहून जास्त डिस्क तपासल्या आणि त्यांचा निष्कर्ष असा, की डिस्क बंद पडण्यावर तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा प्रभाव मोठा आहे. ओलीने चकत्या जात नाहीत, बाहेरची सर्किटपट्टी आणि जोडण्या जातात. माझ्या काळवंडलेल्या पट्टीने मला जे सांगितलं होतं, ते दहा लाख डिस्कनी सांगितलं. तेव्हापासून वहीत आर्द्रतेचा रकाना तापमानाच्या आधी आहे.

आज १९ क्रमांकाच्या डिस्कसमोर १९७ च्या रकान्यात ८ आलेत. काल शून्य होते. तापमान ३६, अगदी निरोगी, पण आठ जागा वाचता येत नाहीत. गुगलच्याच त्या निबंधात आहे, की पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट असते. वहीत तिच्यावर तांबडी खूण करते. आज संध्याकाळी बदलायची.

सकाळी १०.१५

एसीवाले दादा आले. मूळचे चिपळूणचे, उपनगरातले अर्धे दवाखाने त्यांच्याकडे. दर तीन महिन्यांनी यावं असा करार आहे, पावसाळ्यात मी दर महिन्याला बोलावते.

खोलीत दोन स्प्लिट एसी आहेत, दीड-दीड टनाचे. एक चालतो, एक विश्रांती घेतो, बारा तासांनी पाळी बदलते. आमच्या यंत्रांचा भार साधारण ३ किलोवॅट, म्हणजे एक एसी पुरून उरतो.

"मॅडम, आतलं ठीक आहे. बाहेरचं बघा," म्हणत त्यांनी फोनवरचा फोटो दाखवला. बाहेरची युनिटं इमारतीच्या डक्टमध्ये टांगलेली. समोरासमोर सहा युनिटं, एकाची गरम फुंकर दुसऱ्याच्या तोंडावर. जाळीत कबुतरांची पिसं, काड्या, एका कोपऱ्यात अर्धवट घरटं. मुंबईतल्या एसीच्या निम्म्या तक्रारी कबुतरांपाशी जाऊन पोचतात. अंडी नाहीत ना हे त्यांनी आधी बघितलं, मग पाण्याचा फवारा मारला आणि नव्या जाळीचं माप घेतलं.

मग आतल्या युनिटचं झाकण काढून कॉइल दाखवली. कोरडी, स्वच्छ. तीन वर्षांपूर्वी याच कॉइलवर बर्फाचा थर जमला होता. रात्रपाळीच्या कुणीतरी जास्त गार व्हावं म्हणून १६ वर टाकला, गॅस थोडा कमी होता, कॉइल गोठली, बर्फातून वारा जाईना आणि १६ वर ठेवलेल्या एसीखाली खोली ३३ अंशांवर गेली. रिमोट तेव्हापासून माझ्या कपाटात कुलपात असतो.

दादांना एकदा मी सांगितलं होतं, की विलिस कॅरिअरने १९०२ साली पहिलं वातानुकूलन यंत्र केलं ते माणसांच्या गारव्यासाठी नव्हतं. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंग एकमेकांवर बसत नसत, त्यासाठी केलं होतं. त्यांना ते फार आवडलं. "म्हणजे आपला धंदा मुळात ओल काढायचा," ते म्हणाले. अगदी तेच. निचऱ्याच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी बादलीत किती साठतं हे ते आजही मला मोजून सांगतात. बाहेरच्या हवेची भोकं बुजली की बादली भरायला वेळ लागू लागतो.

दुपारी १.००

डबा लेखाविभागातल्या मैत्रिणींबरोबर. त्यांच्यातली एक विचारते, "तुझ्या खोलीत गार असतं, आमचे फाइलींचे खोके ठेवू का गं कोपऱ्यात?" नाही म्हणते. पुठ्ठा ओल धरतो आणि धूळ सोडतो. तिला वाईट वाटू नये म्हणून सगळं समजावून सांगते.

सांगता सांगता पहिली नोकरी आठवते. तेव्हा एका छोट्या कंपनीत होते. इमारतीचा मध्यवर्ती एसी शनिवारी संध्याकाळी बंद व्हायचा, तो सोमवारी सकाळीच चालू. सर्व्हर मात्र बंद खोलीत दोन रात्री आणि एक दिवस चालूच. एका एप्रिलच्या सोमवारी दार उघडलं तेव्हा भाजणीच्या कढईवर वाकल्यासारखी वाफ तोंडावर आली. चार डिस्कचा संच होता, एक गेली तर इतर तिघींच्या आधारे माहिती परत उभी करता येते. त्या दिवशी दोन गेल्या होत्या. शेवटचा बॅकअप नऊ दिवस जुना. नऊ दिवसांची बिलं आम्ही कागदी पावत्यांवरून पुन्हा टंकली, रात्री अकरापर्यंत बसून. मी चोवीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं सगळा दोष माझा आहे. एसीच्या वेळापत्रकाची चौकशी करणं हे आपलं काम आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

दुपारी २.५१

दिवे गेले.

पंधरा सेकंदांत जनरेटर घरघरला. अतिदक्षता, शस्त्रक्रिया, एक लिफ्ट, जिन्यातले दिवे. सर्व्हर यूपीएसवर, त्यांना काही कळलंही नाही. यूपीएसची खरी अडचण इथेच आहे. तो यंत्रं चालू ठेवतो, म्हणजे उष्णताही चालू ठेवतो, आणि एसी त्याच्यावर नसतो. २०२० च्या १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळून सगळ्या मुंबईची वीज गेली, तेव्हा आमचे एसी जनरेटरवर नव्हते. त्या दिवसानंतर मी मागे लागून ते त्यावर घेतले. त्यामुळे आज निवांत होते. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर तीन मिनिटं थांबतो, मग चालू होतो. थांबले.

२.५५. काहीच नाही. दोन्ही एसी मुके. मापक २७.

एक हिशेब मी कायम डोक्यात ठेवते. दहा बाय बारा फूट, नऊ फूट उंची. या खोलीत फक्त ३७ किलो हवा मावते. तेवढ्या हवेला ३ किलोवॅटची यंत्रं बारा सेकंदांत एक अंश तापवू शकतात. भिंती, पत्रा, फरशी बरीचशी उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात मिनिटाला एखादा अंश चढतो. मिनिटाला एक अंश म्हणजे माझ्याकडे साधारण वीस मिनिटं.

वायरमनला फोन केला. "येतो मॅडम, खालच्या पॅनलपाशी आहे."

२.५८. ३० अंश. डिस्क अजून ३८ वर, धातू हळू तापतो. काय बंद करता येईल? प्रशिक्षणाचा सर्व्हर बंद केला. लेखाविभागाला फोन करून त्यांचाही बंद केला. सगळ्यात जास्त डिस्क जुन्या स्कॅनच्या संग्रहात, सोळा. तो बंद केला तर खोली वाचते. बटणापर्यंत हात गेला तेवढ्यात रेडिओलॉजीच्या डॉक्टरांचा फोन.

"मॅडम, २०१८ चा एक सीटी उघडतोय, हळू येतंय. बंद करताय का?"

"करावा लागेल असं दिसतंय, सर. एसी गेलेत."

"पेशंट समोर आहेत. फुप्फुसात गाठ दिसतेय. तेव्हाही होती का, एवढंच बघायचंय. पाच मिनिटं द्या."

संग्रह चालू ठेवला.

कायद्याने नोंदी तीन वर्षं ठेवल्या तरी चालतात. आम्ही जुने स्कॅन टाकत नाही, ते अशाच पाच मिनिटांसाठी.

३.०२. ३२ अंश. एखाद्याला वाटेल दार उघडावं. अजून नाही. बाहेर जिन्यात ३० अंश आणि चिंब हवा. आतली हवा तिच्याहून चांगली तीन-चार अंश गरम होईपर्यंत दार उघडून फायदा जवळजवळ नाही, ओल मात्र लगेच आत येते. चालू डिस्कला तिची भीती नाही, ती स्वतः चाळिशीत आहे, दव साठतं ते हवेहून गार वस्तूवर. भीती आहे कपाटातल्या सुट्या डिस्कची, ती अजून खोलीइतकी तापलेली नाही. ती पिशवीत बंद आहे ना हे बघितलं, कपाट घट्ट लावलं.

३.०५. ३४. आता दार उघडलं, कॉरिडॉरमधला उभा पंखा आत वळवला. वॉर्डातल्या मावशी धावत आल्या, "ताई, काय जळतंय का?" त्यांना दारात उभं केलं, कुणी आत येऊ नये म्हणून.

वायरमन आला. एसीला वीज होती, पण पाळी लावणारा टायमर जनरेटरच्या धक्क्याने अडकून बसला होता. त्याचा दिवा लुकलुकत होता आणि तो कुणालाच वीज देत नव्हता. दोन एसी, दोन कॉम्प्रेसर, दोन कॉइल, आणि दोघांच्या आधी एकच टायमर. चौदा वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. मी एसी मोजत होते, वायर मोजत नव्हते.

त्याने टायमर वगळून दुसऱ्या एसीला सरळ जोड दिली. तीन मिनिटांची वाट. ३.१३ ला कॉम्प्रेसर गुरगुरला. मापक ३६ वर जाऊन थांबला. डिस्क ४४, मधल्या रांगेतल्या दोन ४६. मग दार बंद.

३.२० ला डॉक्टरांचा फोन. "मिळालं. गाठ तेव्हाही होती, तेवढीच आहे." त्या रुग्णाचं नाव मला माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. पण बाविसाव्या मिनिटाला मी भिंतीला टेकून खाली बसले होते, आणि ते वाक्य ऐकून उठले.

संध्याकाळी ५.४०

१९ क्रमांक. दुपारचा गडबडीचा तास झाल्यावर लगेच डिस्क बदलणं चूक ठरलं असतं. नवी डिस्क बसली की जुन्या सगळ्या मिळून तिच्यात माहिती भरतात, तासन्‌तास अखंड वाचन, आणि त्याने सगळ्यांचंच तापमान दोन-चार अंश चढतं. म्हणून सगळ्या पुन्हा ३८ च्या खाली येईपर्यंत थांबले.

सुटी डिस्क लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात. ती मी याच खोलीत ठेवते, म्हणजे बसवताना ती आणि खोली एकाच तापमानाला असतात. पावसात दुकानातून आणून लगेच पिशवी फोडणं, किंवा गार खोलीतली डिस्क उघडी घेऊन जिन्यात येणं, दोन्ही मी करू देत नाही. पिशवीसकट काही तास खोलीत राहू द्यायची. गार डिस्क उघडी बाहेर आली, की तिचा चष्मा होतो.

जुन्या डिस्कच्या ट्रेचा दिवा लुकलुकवून क्रमांक दोनदा ताडून पाहिला. चुकीची डिस्क ओढणं हा या कामातला सगळ्यात जुना अपघात आहे. कडी उघडून ट्रे दोन बोटं बाहेर ओढला आणि अर्धा मिनिट तसाच ठेवला. चकत्या अजून फिरत असतात, थांबेपर्यंत तिला वाकडी करायची नाही. मग दोन्ही हातांनी बाहेर. हाताला कोमट लागली. सहा वर्षं, दिवसरात्र.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावायची. आमच्याकडचा छातीचा एक एक्सरे त्यात बसला नसता. माझ्या हातातल्या डिस्कवर तसे लाखो एक्सरे मावतात.

नवी बसली, दिवा हिरवा झाला. पुढचे वीस-बावीस तास भरणं चालेल.

संध्याकाळी ७.४५

रात्रीचा बॅकअप सुरू केला. एक प्रत दुसऱ्या मजल्यावर, एक इमारतीबाहेर. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी या भागात शिरली. तेव्हा इथलं सगळं तळघरात होतं, असं जुने लोक सांगतात. म्हणून आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. गारवा डिस्कचं आयुष्य वाढवतो, तिला अमर करत नाही. आज गेलेली १९ क्रमांकाची सहा वर्षांत एकदाही ४५ च्या वर गेली नव्हती.

निघण्याआधी वायरमन आणि मी पॅनलपाशी उभे राहिलो. दोन्ही एसींना जनरेटरवरून स्वतंत्र वायर, स्वतंत्र स्विच, टायमर फक्त एकावर. त्याने तासाभरात ओढून दिली. मग मी त्याला मुख्य स्विच पाडायला सांगितला. जनरेटर आला, तीन मिनिटं गेली, एसी चालू झाला. हे मी पाच वर्षांपूर्वीच करून बघायला हवं होतं.

रात्री १०.५०

बोरिवली. पाऊस ओसरलाय. फोनवर दोन रेघा. तापमानाच्या रेघेत दुपारी एक उंच सुळका, त्याच्यापुढे पुन्हा करवतीचे दात. आर्द्रता ५२. नव्या डिस्कचं भरणं २३ टक्के झालंय, तापमान ३९.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा दवाखाना असेल, शाळा असेल, पतपेढी असेल, आणि तिथे एका बंद खोलीत सर्व्हर चालत असेल, तर उद्या सकाळी वायरमनला बोलावून विचारा, की वीज गेल्यावर त्या खोलीच्या एसीला वीज कुठून येते. आणि तो सांगेल त्यावर न थांबता, तो समोर असतानाच एकदा मुख्य स्विच पाडून बघा.